उचलीचा पाश आणि कलावंताचा हक्क

विश्रामबागेतील माझ्या कचेरीत मध्यंतरी तमाशातील एक भगिनी आल्या. दसऱ्याला फड बाहेर पडण्यापूर्वी त्यांनी उचल घेतली होती. भर हंगामात त्या आजारी पडल्या. पगार थांबला, उचल मात्र अंगावर राहिली. ती फिटेपर्यंत दुसऱ्या फडात जायचे नाही, असा मालकाचा हुकूम. मी करारनामा मागितला. त्या म्हणाल्या, "वकीलसाहेब, आमच्यात सगळं तोंडी शब्दावर चालतं."

आपल्यापैकी पुष्कळांस तमाशाचे नावही नकोसे वाटते. त्यास कारण आहे. १९३६ साली परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, मुरळ्या व जोगतिणी यांस लाजिरवाणे जिणे सोडण्याचा उपदेश केला. परंतु ज्या भगिनींचे पोट आजही फडावर चालते, त्यांच्याकडे पाठ फिरवावी, असा त्या उपदेशाचा अर्थ खचित नव्हे. लाज नाचण्यात नाही, बांधले जाण्यात आहे.

गावोगाव फिरणारा कलावंत हा स्थलांतरित कामगारच होय. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे पोटासाठी मुंबईस गेले, गिरणीत राबले, आणि १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारिले. ढोलकी कामगारांच्या लढ्यास लाभली. त्यांचा पक्ष आपणास पटो वा न पटो, ही गोष्ट मोलाची आहे. पण फडातील ढोलकीवाला स्वतः मात्र उचलीवरच राहिला.

१९८१ साली चित्रपट कामगारांसाठी कायदा होऊन लेखी कराराची अट आली. पडद्यावर नाचणारीस कागद मिळाला. कनातीत नाचणारीस मिळाला नाही. विठाबाई नारायणगावकरांस राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान लाभला, तरी २००२ साली त्यांचा अंत विपन्नावस्थेतच झाला. पदकाने म्हातारपण निभत नाही.

फडमालकही अनेकदा सावकाराच्या कर्जात असतो, हे खरे. म्हणून त्याचे ओझे नाचणारीच्या पायांत बांधणे न्याय्य ठरत नाही. कर्जापायी माणसास कामाला जखडणे १९७६ च्या वेठबिगारीविरोधी कायद्याने गुन्हा ठरविले आहे. संघ स्थापण्याचा हक्क संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने दिला आहे.

तेव्हा बंधुभगिनींनो, आपल्या आप्तांत कोणी फडावर असेल तर त्यास हिणवू नका. उचलीची पावती घ्यावयास सांगा, करार लिहून घ्यावयास सांगा, आणि चार फडांतील कलावंतांस एकत्र बसवा. एकट्याची विनवणी मालक ऐकत नाही. संघाची मागणी त्यास ऐकावी लागते.