पोच

आमच्या अण्णांच्या प्रत्येक कार्डाचा शेवट ठरलेला असे : ‘पत्राची पोच देणे.’ मजकूर कधी आईच्या गुडघ्यांचा, कधी आमसुलांच्या भावाचा. पण ही ओळ कधी चुकली नाही. मुंबईच्या मनिऑर्डरींवर ज्या रत्नागिरीतल्या कितीतरी चुली पेटल्या, तिथे पोचेचे मोल कुणी कुणाला सांगावे!

१९९६ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी दादाकडे मुंबईला गेलो. आदल्या वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वांना खुले केले होते आणि दादाने हौसेने खाते घेतले होते. चित्रेबित्रे काही नाहीत. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे. संगणक टेलिफोन लावी, मोडेम ओरडू लागे आणि पलीकडचा युनिक्स संगणक नाव विचारी. मी म्हटले, “दादा, हे तर आपल्या खाचरातले बेडूक!”

“फायली आणणाऱ्या प्रोग्रॅमचे नावही बेडकाचेच आहे,” दादा हसला.

ते खरे होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९८१ साली निघालेल्या या पद्धतीला ‘कर्मिट’ या टेलिव्हिजनवरच्या बाहुल्या-बेडकाचे नाव दिलेले. आपल्याकडे जुहूची नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवईची आयआयटी यांच्यात १९८७ च्या सुमारास ई-पत्रे सुरू झाली, तीही अशीच टेलिफोन लावून. फक्त प्रोग्रॅम निराळा.

कर्मिटची रीत मोठी समजूतदार. तारेत खरखर असते, अक्षरे बिघडतात. म्हणून फायलीची लहान लहान पुडकी करायची; प्रत्येकावर अनुक्रमांक आणि आतल्या अक्षरांवरून काढलेली बेरीज घालायची. पलीकडच्याने बेरीज ताडून पाहायची. जुळली तर पोच. नाही जुळली तर ‘पुन्हा पाठव.’ आणि काहीच उत्तर आले नाही, तर थोडा वेळ थांबून तेच पुडके पुन्हा पाठवायचे.

पुढे मी एम. ए.साठी मुंबईत राहिलो. अण्णांची कार्डे येत. उत्तर लिहायचे राहून जाई. मग तोच मजकूर पुढच्या कार्डात पुन्हा येई. ‘अण्णा विसरायला लागले,’ असे मी मित्रांना हसत हसत सांगितल्याचेही आठवते.

अण्णा गेल्यावर त्यांची वही सापडली. धाडलेल्या प्रत्येक कार्डाची तारीख. पोच आली तिथे बरोबरची खूण. माझ्या नावापुढची बरीचशी घरे रिकामी होती.

आता आमची लेक पुण्याला असते. तिचा निरोप आला, की आधी ‘पोचले’ एवढे लिहितो; चष्मा मग शोधतो.