दंडक कोणाचा आणि वारसा कोणाचा?

कादंबऱ्या वाचून मुली बिघडतात आणि बंडाची कथा म्हणजे कुलाचाराविरुद्ध गुदरलेली फिर्यादच होय, असा जो आक्षेप आमच्या बोरी बुद्रुकासारख्या गावी वडीलधारी मंडळी अद्यापि बिनदिक्कत घेतात, त्याचा परामर्श घेण्यास लॉरा एस्किव्हेल यांची १९८९ सालची ‘लाइक वॉटर फॉर चॉकलेट’ ही मेक्सिकन कादंबरी फार सोयीची आहे. परक्या चुलीशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण आमच्या गावच्या कुकडीकाठच्या ज्वालामुखीय राखेचे नाते संशोधक सुमात्रातील तोबा ज्वालामुखीशी जोडतात, आणि राखेला जी समुद्राची आडकाठी झाली नाही ती कथेला का व्हावी?

धाकटीने अविवाहित राहून आमरण आईची सेवा करावी, हा त्या घरचा दंडक. त्याच्या बळावर आई एलेना आपल्या धाकट्या टीटाचा प्रियकर थोरल्या रोसाउराला देते, एवढेच नव्हे, तर त्या लग्नाचा केक टीटाकडूनच करवून घेते. टीटाची आसवे पिठात पडतात आणि तो खाऊन वऱ्हाडी ढसाढसा रडू लागतात. वृद्धांचे कोण करणार, हा प्रश्न खोटा नाही. परंतु एका मुलीचे आयुष्य त्यापायी जप्त करण्याचा अखत्यार त्यातून निघत नाही. शिवाय एलेनाच्या मृत्यूनंतर तिच्या कुलूपबंद पेटीतून निघतात ती तिच्याच निषिद्ध प्रेमाची पत्रे!

आपल्याकडे १८९० साली निघालेल्या ‘करमणूक’ पत्रातून हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो!’ लिहिली, तीत विधवा यमूचे बळजबरीने केशवपन करविणारे शंकरमामंजी याच जातकुळीचे. अशा कृत्यांना पुरातनत्वाची सनद देणाऱ्यांनी आमच्याच तालुक्यातील नाणेघाट चढावा: नागनिका या विधवा राणीचा मानला जाणारा तेथील सातवाहनकालीन शिलालेख यज्ञांची आणि गायी, घोडे, हत्ती, कार्षापणे अशा दक्षिणांची नोंद करतो; म्हणजे विधवेची विटंबना हीच पुरातन रीत, असे म्हणता येत नाही.

हे झाले आक्षेपाचे खंडन; आता मंडन: बंड करणारी मुलगीच वारसा जपते. टीटा चूल विझवीत नाही. वृद्ध स्वयंपाकीण नाचाकडून आलेली विद्या ती जपते, आणि बारा महिन्यांची बारा प्रकरणे पाककृतींनीच उघडतात. क्रांतिकारकाच्या घोड्यावरून विवस्त्र पळालेली तिची बहीण गर्ट्रुडिससुद्धा सेनानी होऊन परतते ती टीटाच्या हातचे गरम चॉकलेट पिण्यासाठी. उलट रोसाउरा तोच दंडक आपली मुलगी एस्पेरान्सा हिच्यावर लादू पाहते, आणि तेथे टीटा हटून उभी राहते. अखेर वाडा जळतो, टीटाची पाककृतींची वही उरते. एस्पेरान्साची मुलगी, म्हणजे या कथेची निवेदिका, आपल्या वाढदिवसाला त्याच वहीतून पदार्थ रांधते.