डोक्याचा मार आणि पालटलेला स्वभाव

अमेरिकी फुटबॉल हा टकरींचा खेळ. माजी खेळाडू माईक वेबस्टर २००२ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, निवर्तले. अखेरची वर्षे विस्मरणात व गोंधळात गेली होती. डॉ. बेनेट ओमालू यांना त्यांच्या मेंदूत ‘टाऊ’ प्रथिनाचे साठे आढळले. पुढे डेव्ह ड्युअरसन (२०११) व ज्युनियर सेऊ (२०१२) यांनी आत्महत्या केली. दोघांच्याही मेंदूत हाच विकार निघाला. हेल्मेट कवटी वाचवते. आतला मेंदू हादरतोच.

या विकाराचे निश्चित निदान आजही मृत्यूनंतरच होते. शिवाय आत्महत्येमागे एकच कारण क्वचितच असते.

घरात एकदा पडल्याने हा विकार जडत नाही. मात्र वृद्धांमध्ये, विशेषतः रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास, किरकोळ मारानंतरही मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साठू शकते. काही आठवड्यांनी डोकेदुखी, गुंगी, तोल जाणे, गोंधळ किंवा चिडचिड दिसू लागते. ‘वय झाले’ म्हणून हे सोडून देऊ नये. सीटी स्कॅनमध्ये ते कळते आणि वेळीच उपचार झाल्यास रुग्ण बहुधा सावरतो. म्हणून पडल्याची तारीख लिहून ठेवावी व डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

आणि ‘आता जगणे नको’ असे कोणी म्हणाले, तर ‘असे अभद्र बोलू नये’ म्हणून विषय मिटवू नये. जवळ बसून स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट भार हलका होतो. अशा माणसास एकटे ठेवू नये. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही दूरध्वनी सेवा विनामूल्य व अहोरात्र उपलब्ध आहे.