करडं पडलेलं गाणं

२०२४ मध्ये मी सगळ्यात जास्त काय ऐकलं, हे ४ डिसेंबरला फोनने मला सांगितलं. पावसाचा आवाज. झोप लागत नाही म्हणून रात्री लावून ठेवतो तो, पत्र्यावर पडणारा, रेकॉर्ड केलेला पाऊस. त्याखाली ‘गुलाबी साडी’, त्याखाली ‘तांबडी चामडी’. मी पावसाची ओळ कापली आणि उरलेलं कार्ड स्टेटसला ठेवलं. तुम्हीही ठेवलं असेल. संध्याकाळपर्यंत निम्मी कॉन्टॅक्ट लिस्ट त्याच भडक रंगांत न्हाली होती. एवढी जाहिरात झाली आणि कंपनीला आपल्याला चहासुद्धा पाजावा लागला नाही.

मला भांडायचंय ते या कार्डाशी. आणि ते हौसेने मिरवणाऱ्या माझ्याशीही.

कारण या वर्षी मला सगळ्यात आवडलेलं गाणं त्या कार्डावर नाहीच. ते माझ्या हॉस्टेलमधल्या मित्राचं आहे. तो सांगोल्याकडचा. तेल्याने गेलेली डाळिंबाची बाग त्याच्या वडिलांनी तोडून टाकली, त्यावर त्याने गाणं लिहिलं, स्वतःच चाल लावली, स्वतःच म्हटलं. हलगी मामाची. पहिली दीड मिनिटं हलगी येतच नाही. नुसता याचा आवाज आणि मागे कुऱ्हाडीचे घाव. घावही लयीत नाहीत, कारण झाड तोडणारा माणूस लयीत तोडत नसतो. दमतो, थांबतो, पुन्हा मारतो. मग हलगी शिरते आणि त्या विस्कटलेल्या घावांना धरून ठेवते. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एसटीत होतो, इंदापूरच्या पुढे कुठेतरी. शेजारचे काका दोनदा म्हणाले, तुमचं तिकीट पडलंय खाली. मला ऐकूच आलं नाही.

नोव्हेंबरमध्ये ते गाणं माझ्या प्लेलिस्टमध्ये करडं पडलं. नाव दिसतं, बोट ठेवलं तर वाजत नाही. त्याला फोन केला. म्हणाला, गाणं ॲपवर चढवून देणाऱ्या कंपनीला दरवर्षी पैसे भरावे लागतात, या वर्षीचे भरले नाहीत. “सहा-सातशे वेळा वाजलं रे सगळं मिळून. भरून काय करू?” त्या सहा-सातशेत माझे किती, हे मी त्याला विचारलं नाही. मला अंदाज होता. पूर्ण गाणं मी पंधरा-वीस वेळा ऐकलं असेन. त्याची पंधरा सेकंदांची रील मात्र मी निदान दहा जणांना पाठवली होती, बदाम लावून.

आता हिशोब सांगतो. तो आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतो, मलाही नव्हता. २०२४ मध्ये स्पॉटिफायचे महिन्याचे ११९ रुपये भरताना मला वाटायचं की महिनाभर मी एकाच गायकाला ऐकलं, तर कंपनीचा वाटा वजा जाता माझे पैसे त्याला मिळत असतील. तसं नसतं. सगळ्यांचे पैसे एका पातेल्यात पडतात. कंपनी आपला वाटा काढते. उरलेलं, एकूण जेवढं वाजलं त्यात कुणाचं किती, या प्रमाणात गाण्यांच्या मालकांना वाटलं जातं. म्हणजे महिनाभर मी फक्त हलगी ऐकली, तरी माझ्या पैशांतला बहुतेक भाग मी कधीही न ऐकलेल्या लोकप्रिय गाण्यांकडे जाणार. गाणं तीस सेकंद वाजलं तरच ते मोजणीत येतं. आपण इन्स्टावर फिरवलेल्या रीलचा तिथे काहीच उपयोग नाही. आणि २०२४ पासून त्यावर आणखी एक नियम आला: मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगच्या मानधनात वाटाच नाही. त्याचे पैसे पातेल्यात राहतात, इतरांसाठी.

कंपनीचं म्हणणं असं की अशा गाण्यांचे पैसे इतके किरकोळ असतात, की बऱ्याचदा ते कलाकारापर्यंत पोचतच नाहीत. असतीलही किरकोळ. पण सुटे नाहीत म्हणून वाणी माझा रुपया शेजारच्या गिऱ्हाइकाच्या खात्यात जमा करत नाही. फार तर चॉकलेट देतो. आणि दुसरा रस्ताच नाही, असंही नाही. साउंडक्लाउडने २०२१ मध्ये स्वतंत्र कलाकारांसाठी वेगळी पद्धत आणली: ऐकणाऱ्याचे पैसे, तो ज्यांना ऐकतो त्यांनाच. म्हणजे हिशोब करता येतो. करायचा नाही, हे ठरवलेलं असतं.

इथे कुणीतरी म्हणेलच, “गाणं चांगलं असेल तर चालतंच. संजू राठोड बघ.” बघतो ना. संजू राठोड जळगाव जिल्ह्यातला, संगीत त्याच्या घरातलंच, आणि ‘गुलाबी साडी’ ज्यांना मराठीचा म सुद्धा येत नाही त्यांनी नाचून पाहिली. मीही तीन लग्नांत नाचलोय. क्रेटेक्स आणि श्रेयसची ‘तांबडी चामडी’ नेदरलँडच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढली, तेव्हा मला खरोखर माझाच सत्कार झाल्यासारखं वाटलं. भावगीतांनंतर मराठीत काही झालंच नाही म्हणणाऱ्या काकांना मी दोन्ही ऐकवली. पण लॉटरी एकाला लागली म्हणून बाकीच्यांची मजुरी बुडवायची, हा कुठला न्याय? शिवाय प्रत्येक गाणं नाचण्याजोगं नसतं. तोडलेल्या डाळिंबाच्या बागेवर कुणी हुक स्टेप बसवणार आहे का?

वर्षअखेरीच्या याद्यांशी माझं वैर नाही. उलट मला त्या फार आवडतात. अमीन सयानी याच वर्षी फेब्रुवारीत गेले. त्यांची बिनाका गीतमाला १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झाली आणि तिची वार्षिक यादी ऐकायला लोक रेडिओभोवती गोळा व्हायचे. तीही बाजाराचीच यादी होती, टूथपेस्टच्या पैशांवर चालणारी. पण अख्ख्या घराची एकच यादी असायची, त्यामुळे तिच्याशी भांडता यायचं. माझ्या कार्डाशी कोण भांडणार? ते म्हणतं, हे तूच आहेस. आरशाशी कसं भांडायचं?

आणि आरसासुद्धा धड नाही. मोजणी १ जानेवारीला सुरू होते आणि कार्ड येण्याआधीच काही आठवडे थांबते. १५ डिसेंबरला झाकीर हुसेन गेले. फेब्रुवारीत एका रात्रीत तीन ग्रॅमी घेतलेला माणूस. त्या आठवड्यात मी दुसरं काही लावलंच नाही; ‘शक्ती’चा ‘धिस मोमेंट’ अल्बम ऑफिसला जाताना, येताना, भांडी घासताना. तो आठवडा माझ्या २०२४ च्या कार्डात नाही आणि २०२५ च्याही नसेल. तसंच आरेतल्या प्रकाश भोईरांबरोबर ‘स्वदेशी’च्या पोरांनी केलेलं ‘द वारली रिव्होल्ट’. गाणं २०१९ चं, मला सापडलं यंदा, एका मैत्रिणीच्या फोनवर, तिच्या गच्चीत. तिच्या कार्डात ते असेल. माझ्या वर्षात ते पहिल्या पाचात होतं आणि माझ्या खात्यावर ते शून्य वेळा वाजलंय.

३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हाही आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवलं होतं. मीही ठेवलं होतं. त्या स्टेटसला पार्श्वसंगीत म्हणून लावलेलं गाणं कुणी लिहिलं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही शोधावं लागेल. आकाशवाणीवर निवेदिका प्रत्येक गाण्याला गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावं सांगायची. आईला त्यामुळे शेकडो गाण्यांचे कवी पाठ आहेत, आणि तिने त्यासाठी काहीही केलेलं नाही, नुसती पोळ्या लाटत होती. आम्ही तीन ठिपक्यांवर बोट ठेवून, खाली सरकवत जाऊन नाव शोधायचं. कधी सापडतं. हलगी कुणी वाजवली, हे तर बहुधा नाहीच. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला आणि गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा कुणालाही लिहून घेता येणार नाही अशी तरतूद झाली. त्यासाठी माणसं वर्षानुवर्षं भांडली. आणि आपण, ज्यांना फक्त नाव वाचायचं आहे, तेवढंही करत नाही.

म्हणून मी कार्ड काढून टाकलं आणि वहीत यादी लिहायला बसलो. गाणं, लिहिणारा, चाल लावणारा, वाजवणारे, कुठे ऐकलं. पाऊण तास लागला आणि अकराच गाणी झाली. चार ओळींत ‘माहीत नाही’ लिहावं लागलं. सगळ्यात वर सांगोला. त्याला मेसेज केला: गाण्याची फाईल पाठव, पाचशे रुपये पाठवतोय, वार्षिक फी समज किंवा काहीही समज. पैसे त्याने अर्ध्या तासात परत पाठवले. मी पुन्हा पाठवले. ते अजून तरी परत आलेले नाहीत.

फाईल रात्री आली. खाली त्याने लिहिलं होतं: “कुणाला ऐकवलीस तर हलगीवाल्याचं नाव सांग. मामा विचारत असतो.”

नाव काय, ते मात्र त्याने लिहिलेलं नव्हतं. आणि इतक्या वर्षांत मी त्याला फक्त ‘मामा’च म्हणत आलोय. आता उद्या फोन करून विचारायचं आहे.