पट साठ, इयत्ता पाच, शिक्षक दोन

मेच्या अखेरीस कर्नाटकातल्या सरकारी शाळा उघडतात, तो दिवस ‘प्रारंभोत्सव’ म्हणून साजरा होतो. बेंगळुरूच्या इंदिरानगरची ओळख शंभर फुटी रस्त्यावरची दुकानं आणि हॉटेलं. पण दूपनहळ्ळीसारखी जुनी गावं याच वस्तीच्या पोटात आहेत. इथल्या घरांत धुणीभांडी करणाऱ्या, बांधकामावर राबणाऱ्या आईबापांची मुलं सरकारी शाळेत येतात. त्यांच्या वाट्याला शिक्षक किती येणार, हा या दिवसाचा खरा प्रश्न आहे.

1 एप्रिल 2010 पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक देतो, हे सगळ्यांना पाठ आहे. मात्र हा हिशेब सबंध शाळेच्या पटाचा आहे, वर्गाचा नाही. पहिली ते पाचवी मिळून साठ मुलं असतील तर शिक्षक दोन, नव्वदपर्यंत तीन, एकशेवीसपर्यंत चार. पाच इयत्तांना पाच शिक्षक मिळायला पट एकशेवीसच्या पुढे जावा लागतो. म्हणजे एकही पद रिक्त नसताना, कायदा तंतोतंत पाळूनही, एका शिक्षकाच्या गळ्यात दोन-तीन इयत्ता पडतात.

याच इंदिरानगरात सीबीएसईच्या खासगी शाळाही आहेत. त्यांच्यासाठी मंडळाचा नियम तुकडीमागे दीड शिक्षक मागतो आणि तुकडीत साधारण चाळीसच मुलं असावीत म्हणतो. फी भरणाऱ्याच्या मुलासाठी तुकडी मोजायची आणि मोलकरणीच्या मुलीसाठी नुसता पट, हा भेद आम्हाला मुळीच मान्य नाही.

एकाच शिक्षकाकडे अनेक इयत्ता असण्याच्या अडचणीतून कर्नाटकाने ‘नली-कली’ घडवली. 1995च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटेत सुरू झालेली ही पद्धत पुढे राज्यभर गेली. पहिली ते तिसरीची मुलं एकाच खोलीत, भिंतीवर शिकण्याची शिडी, हातात कार्डं. ज्याची जी पायरी, त्या गटात ते मूल बसतं. पद्धत उत्तम आहे, पण ती चालते शिक्षकाच्या सतत फिरत्या नजरेवर. कोण कोणत्या कार्डावर अडलं, हे त्याला क्षणोक्षणी दिसावं लागतं. तोच चौथी-पाचवीकडेही धावू लागला की शिडी भिंतीवरच राहते. त्यात शिकवण्यापलीकडची कामंही येतात. 2025च्या शरदात राज्याच्या सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणासाठी शिक्षक घरोघर फिरले आणि दसऱ्याची सुट्टी 18 ऑक्टोबरपर्यंत लांबली. दोनशिक्षकी शाळेला असला भार पेलवणार कसा?

महाराष्ट्रानेही वेगळं काही केलेलं नाही. 15 मार्च 2024च्या संचमान्यतेच्या, म्हणजे शाळांना शिक्षकपदं मंजूर करण्याच्या, निर्णयाने सहावी ते आठवीचा पट विसाच्या आत असलेल्या शाळांमधल्या शिक्षकपदांवरच गदा आणली. पट घटला म्हणून शिक्षक अतिरिक्त ठरवायचा, शिक्षक गेला म्हणून पालक मूल काढून घेणार, आणि तेच पुन्हा घटलेला पट म्हणून आकडेवारीत दाखवायचं! पालकांना शाळा नको असते असं नाही. त्यांना आपल्या मुलाच्या इयत्तेला शिक्षक हवा असतो.

आमची मागणी एवढीच: पट कितीही असो, इयत्तेला एक शिक्षक. त्यासाठी संसदेत नवा कायदा आणावा लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 20 केंद्र सरकारला अधिसूचना काढून शिक्षकसंख्येचे निकष असलेलं परिशिष्ट बदलण्याचा अधिकार देतं. आणि परिशिष्टातले निकष किमान आहेत. त्याहून जास्त शिक्षक नेमायला बेंगळुरूला किंवा मुंबईला दिल्लीची वाट पाहण्याचं कारण नाही. पुढच्या अंदाजपत्रकात ही पदं धरायला हवीत.