कार्ड दोन, पण काउंटरवरचा प्रश्न एकच!

क्लिनिक किंवा छोटं नर्सिंग होम चालवणं हासुद्धा व्यवसायच आहे. माझं स्पष्ट मत सांगतो. दोन सरकारी योजनांचा पेशंट आला की जो घोळ होतो, तो ओपीडीत नाही, काउंटरवर होतो.

उदाहरण घ्या. पंचाहत्तरीचे आजोबा, केंद्र सरकारचे पेन्शनर. त्यांच्याकडे सीजीएचएस कार्ड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं ५ लाखांचं कवच मिळतं. मग दोन्ही वापरायचं का? नाही. सीजीएचएस, ईसीएचएसवाल्यांना दोन्हीपैकी एकच निवडावं लागतं. पण ईएसआयसी किंवा खासगी पॉलिसी असेल, तर आयुष्मानही घेता येतं. हा फरक तुमच्या रिसेप्शनिस्टला माहीत आहे का?

दुसरा गैरसमज म्हणजे 'महात्मा फुले आणि आयुष्मान मिळून १० लाख.' महाराष्ट्रात या दोन्ही योजना एकत्र राबवल्या जातात. दोन्ही मिळून कुटुंबाला साधारणपणे वर्षाला ५ लाख.

म्हणून काउंटरवर तीन सवयी लावा:

१. ॲडमिट करण्याआधीच विचारा, "काका, आणखी कुठलं कार्ड आहे का?" उत्तर केसपेपरवर लिहा.
२. तुम्ही योजनेच्या पॅनेलवर असाल, तर आरोग्यमित्राला लगेच बोलवा. ठरवून करायच्या ऑपरेशनला आधी मंजुरी, मग तारीख.
३. एका उपचाराचं बिल एकाच ठिकाणी. दोन्हीकडे लावलंत तर ती फसवणूक आहे, पॅनेलवरून नाव जाऊ शकतं.

काही जण म्हणतील, "सर, सरकारी पैसे उशिरा येतात. थोडं डिपॉझिट घेतलं तर काय बिघडलं?" उशीर होतो, मान्य. त्यासाठी खेळतं भांडवल बाजूला ठेवा. पण योजनेत बसणाऱ्या उपचाराला पेशंटकडून रोख घेणं नियमातच बसत नाही. आणि त्या डिपॉझिटसाठी कुणीतरी घरातलं सोनं गहाण ठेवलेलं असतं, हे विसरू नका.

तुमचं फक्त ओपीडी क्लिनिक असेल, तर आयुष्मान तिथे लागूच नाही. तसं सरळ सांगा आणि जवळचं पॅनेलवरचं हॉस्पिटल कुठलं, तेही सांगा. आज एक बिल गेलं तरी चालेल. पुढच्या तापाला ते घर तुमच्याकडेच येईल. दुकान असो वा दवाखाना, गिऱ्हाईक विश्वासावरच टिकतं.

उद्या सकाळी शटर उघडलं की पहिलं काम हेच: रिसेप्शनिस्टला हा एक प्रश्न शिकवा.