मोहाची तारीख व रानांतील आग

होळी जवळ आली कीं मोह वेंचण्याची तयारी करावी, हा आलापल्लीकडील जुना ठोकताळा आहे. तो खोटा नाहीं; परंतु त्यावरून तारीख ठरवूं गेल्यास फसगत होते. होळी २०२३ सालीं ६ मार्चला आली, तर २०२४ सालीं २४ मार्चला. आपलें पंचांग चंद्राचें, अधिक मासानें सांवरलेलें. झाड मात्र ऊन, थंडी व जमिनींतील ओल यांप्रमाणें फुलतें.

या चुकीचा संबंध वणव्याशीं आहे, म्हणून हा विषय काढला. पहांटे गळालेलें फूल पाचोळ्यांत दिसत नाहीं, यास्तव झाडाखालीं काडी लावतात. गळ केव्हां सुरू होईल हें ठाऊक नसलें कीं काडी आधींच लागते. आग एका झाडाखालीं थांबत नाहीं. सागाचीं व खुद्द मोहाचीं कोंवळीं रोपें तींत होरपळतात.

मोहाची चाहूल इतर फुलांवरून घ्यावी, तर तेथेंही घोटाळा. उघड्या फांदीवर लाल फूल दिसलें कीं तो पळस, असें आपण सर्रास म्हणतों. पळसाच्या खोडास कांटे नसतात. फूल पोपटाच्या चोंचीसारखें, देंठाकडील पेला काळसर मखमली. पांगाऱ्यास व कांटेसांवरीस कांटे असतात. पैकीं सांवरीच्या फुलास जाड, मांसल अशा पांच पाकळ्या असतात. पांगाऱ्याचीं फुलें फांदीच्या टोंकाशीं लांब तुऱ्यांत येतात. खुद्द मोहाचें चिन्ह म्हणजे पानगळीनंतर शेंड्यांवर दिसणारे तांबूस, लवदार कळ्यांचे घोस.

आमचें म्हणणें एवढेंच कीं, प्रत्येकानें आपला एक मोह व एक पळस नेमून पहिली कळी, पहिलें फूल व पहिली गळ यांच्या इंग्रजी तारखा वहींत लिहाव्यात. तीन-चार वर्षांत अंदाज बसेल. मग कळ्या फुगतांच पाचोळा खराट्यानें लोटून खतखड्ड्यांत टाकावा. झाडाखालीं जुनें लुगडें किंवा जाळी पसरली तर फूलही स्वच्छ मिळतें. झाडें पुष्कळ व हात थोडे असतां हें काम जड आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण २००६ च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपजाचा हक्क गांवाकडे आला आहे. तेव्हां खराट्याचे दिवस ग्रामसभेनें ठरवून एकत्र काम करण्यास हरकत नसावी.

वही भरतांना मोह वेंचणाऱ्या बायकांस आधीं विचारावें, आणि फुलांचीं गोंडी व माडिया नांवेंही शेजारीं लिहावींत.